वाटेचा हक्क

लिनक्सवरचा संगणक अपडेट करून पुन्हा सुरू केला, पंखा फिरला, कंपनीचं चिन्ह उमटलं आणि मग पडदा काळा झाला. कोपऱ्यात एक आडवी रेघ लुकलुकतेय, कधी तीसुद्धा नाही. सिल्वासापासून वीसेक किलोमीटरवरच्या खानवेलला असं घडलं, तर जो सल्ला मिळतो तोच पुण्यातही मिळतो: फॉर्मॅट मारा आणि सगळं नव्याने टाका. सल्ला अगदीच खोटा नाही. नव्याने टाकल्यावर संगणक बहुतेक वेळा सुरू होतो, फक्त पुढच्या अपडेटला तोच काळा पडदा पुन्हा समोर येतो. आजार डिस्कवरच्या फायलींमध्ये नसतो. लिनक्सचा कर्नल आणि ग्राफिक्स कार्ड बनवणारी कंपनी, या दोघांच्या हद्दी जिथे मिळतात तिथे तो असतो.

हद्दीचा हा प्रकार समजून घ्यायला खानवेल ज्यात येतं त्या दादरा आणि नगर हवेलीइतकी सोयीची जागा दुसरी नाही. १९५४ पर्यंत हा मुलूख पोर्तुगीजांकडे होता, पण त्याला समुद्र नव्हता. पोर्तुगीजांच्याच दमणहून इथे यायचं तर भारताच्या जमिनीवरूनच यावं लागे. २१-२२ जुलै १९५४ च्या रात्री दादरा मुक्त झालं, २ ऑगस्टला सिल्वासा. पोर्तुगीज पोलिसांची उरलेली तुकडी घेऊन कॅप्टन फिदाल्गो खानवेलच्या बाजूला हटला आणि ११ ऑगस्टला शरण आला. दमणहून कुमक येण्याची वाट भारताने आधीच बंद केली होती. पुढे डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला, आणि १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि साधा माल यांना भारतातून ये-जा करण्याचा पोर्तुगालला हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रं आणि दारूगोळा यांच्यासाठी तो नव्हता. भारताने आपलं कोणतंही बंधन मोडलेलं नाही, असंही न्यायालयाने सांगितलं.

एनव्हिडिया या ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा बंद ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये असाच वसलेला आहे. चारही बाजूंनी दुसऱ्याचा मुलूख, आणि आतला कारभार मात्र स्वतःचा.

कर्नल म्हणजे संगणकाच्या यंत्रणेचा गाभा. मेमरी कोणाला द्यायची, प्रोसेसर कोणी किती वेळ वापरायचा, डिस्कवर कोणी लिहायचं, हे तो ठरवतो. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये तो लिहायला घेतला आणि थोड्याच काळात जीपीएल या परवान्याखाली आणला. सांकेतिक मजकूर सगळ्यांना वाचायला खुला, बदलायला खुला, पण बदलून वाटलात तर बदलही खुले ठेवायचे, ही त्या परवान्याची अट. ग्राफिक्स कार्डाशी बोलणारा ड्रायव्हर कर्नलच्या आत, त्याच्याच मेमरीत, त्याच्याच अधिकारांनी चालतो. तिथे एक चूक झाली की एखादा प्रोग्रॅम बंद पडून भागत नाही, सगळा संगणक गोठतो.

इंटेल आणि एएमडी यांचे ड्रायव्हर आज कर्नलच्या मूळ मजकुरातच असतात. एएमडीनेही एकेकाळी कॅटॅलिस्ट नावाचा बंद ड्रायव्हर चालवला होता. मग २००७ पासून चिपांची कागदपत्रं खुली करायला सुरुवात केली, आणि २०१५ मध्ये ‘एएमडीजीपीयू’ हा खुला ड्रायव्हर कर्नलमध्ये दाखल झाला. याचा फायदा रोजचा आहे. कर्नलमधलं एखादं फंक्शन ज्याने बदललं, त्यालाच ते वापरणारे सगळे ड्रायव्हर दुरुस्त करून द्यावे लागतात. दर नऊ-दहा आठवड्यांनी कर्नलची नवी आवृत्ती निघते आणि एएमडीच्या कार्डवाल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

एनव्हिडियाने वेगळा रस्ता धरला. तिच्या ड्रायव्हरचा मोठा भाग आधीच कंपाइल केलेला, म्हणजे न वाचता येणारा असतो. त्याच्याभोवती खुल्या मजकुराचा एक पातळ थर असतो, आणि तो थर तुमच्या संगणकावर, तुमच्या कर्नलच्या मापाने कंपाइल केला जातो. म्हणजे विंडोजवर जसा ड्रायव्हर ‘बसवतात’ तसा इथे तो नुसता बसवला जात नाही, तो दर वेळी नव्याने बांधला जातो. एवढं लक्षात आलं की पुढच्या निम्म्या अडचणी आपोआप उलगडतात. कर्नल बदलला म्हणजे माप बदललं, माप बदललं की पुन्हा बांधणी. ही बांधणी आपोआप व्हावी म्हणून डीकेएमएस नावाची सोय वापरतात. ती डेल कंपनीत तयार झाली. आणि आतलं माप कायम ठेवण्याचं कोणतंही वचन कर्नलवाले देत नाहीत. ग्रेग क्रोआ-हार्टमन या कर्नलच्या जुन्या सांभाळकर्त्याने हे वचन का देणार नाही याचं सविस्तर टिपण लिहिलेलं आहे आणि ते कर्नलच्या कागदपत्रांतच ठेवलेलं आहे. म्हणजे हा निष्काळजीपणा नाही, ठरवून घेतलेली भूमिका आहे.

हेगच्या निकालातला भेद इथेही आहे. कर्नल आपली फंक्शनं बाहेरच्या मॉड्यूलांना, म्हणजे त्याच्यात जोडल्या जाणाऱ्या तुकड्यांना, दोन प्रकारे उघडी करतो. काही सर्वांसाठी असतात, काही फक्त जीपीएल परवाना सांगणाऱ्यांसाठी. एनव्हिडियाचा बंद मॉड्यूल आत येताना आपला परवाना ‘एनव्हिडिया’ असा सांगतो. कर्नल त्याला आत घेतो, पण ‘कर्नल डागाळला’ अशी नोंद करून ठेवतो. ही नोंद दिसली की लोक घाबरतात. ती चूक नाही. ‘पुढे काही बिघडलं तर आमच्याकडे तक्रार आणू नका’ एवढंच तिचं म्हणणं.

साध्या मालाची यादी कधी बदलेल हे मात्र सांगता येत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये कर्नलची ५.९ आवृत्ती आली. त्याआधी एक पळवाट चालत असे: मध्ये एक छोटा जीपीएल मॉड्यूल उभा करायचा, त्याने कर्नलकडून राखीव फंक्शनं घ्यायची आणि बंद मॉड्यूलला पुरवायची. ५.९ पासून असा मध्यस्थ स्वतःच परका ठरू लागला. त्या वेळी एनव्हिडियाने आपल्या वापरकर्त्यांना सांगितलं की नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत ५.९ वर जाऊ नका. ज्यांनी ते वाचलं नाही त्यांचे पडदे काळे झाले.

दुसरा प्रसंग मला जास्त बोलका वाटतो, कारण त्यात कोणाचा डावच नव्हता. १० फेब्रुवारी २०२४ ला डेबियन या लिनक्स वितरणाची १२.५ ही सुधारित आवृत्ती निघाली. सोबत आलेल्या कर्नलमध्ये एक किरकोळ दुरुस्ती होती. मेमरीचा एखादा तुकडा खरोखर अस्तित्वात आहे का, हे तपासणारं एक लहानसं फंक्शन आता आरसीयू नावाच्या अंतर्गत कुलपाचा आधार घेऊ लागलं. ते कुलूप जीपीएलवाल्यांसाठी राखीव, आणि ते लहानसं फंक्शन एनव्हिडियाचा ड्रायव्हर वर्षानुवर्षं वापरत आलेला. बांधणी शेवटच्या पायरीवर थांबली: परवाना न जुळणारा मॉड्यूल राखीव चिन्ह वापरतोय, असा शेरा. डेबियनसारख्या संथ, भरवशाच्या वितरणावर, नेहमीचं अपडेट घेतलेल्या साध्या माणसांच्या संगणकांवर हे झालं. ड्रायव्हरचं पॅकेज लवकरच दुरुस्त होऊन आलं, आणि तोवर जुन्या कर्नलवर राहिलेल्यांना काहीच कळलं नाही. सी-डॅकची बॉस ही भारतीय लिनक्सही डेबियनच्याच पायावर उभी आहे, म्हणून हा प्रसंग आपण दूरचा समजू नये.

टोरवाल्ड्सने २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात एनव्हिडियाला सगळ्यांसमोर शिवी हासडली होती. ती चित्रफीत जगभर फिरली. तिने एकाही घरातला पडदा उजळला नाही.

आता समोर काळा पडदा असलेल्या माणसाकडे येऊ. पहिला प्रश्न असा की संगणक मेला आहे की फक्त मुका झाला आहे? कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरून एफ३ दाबा. पांढऱ्या अक्षरांत लॉगिन मागणारी ओळ आली, तर कर्नल जिवंत आहे, डिस्क ठीक आहे, तुमचे फोटो आणि हिशेब जागेवर आहेत. फक्त चित्र काढणारा गडी कामावर आलेला नाही. ही ओळ आली नाही तर संगणक पुन्हा सुरू करून ग्रबच्या, म्हणजे कोणता कर्नल सुरू करायचा हे विचारणाऱ्या प्रोग्रॅमच्या, यादीत शिरायचं. सुरुवातीलाच शिफ्ट किंवा एस्केप दाबलं की ती यादी येते. तिच्यात प्रगत पर्यायांखाली आधीचा कर्नल असतो. तो निवडून संगणक नीट सुरू झाला, तर निदान अर्धं झालं: नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर बांधला गेलेला नाही. जुना कर्नल ‘जागा खातो’ म्हणून काढून टाकणाऱ्यांबद्दल मला कायम नवल वाटत आलं आहे. जुन्या कर्नलइतका स्वस्त विमा दुसरा नाही.

जुना कर्नलही मुका असेल, तर ग्रबच्या यादीत ‘ई’ दाबून, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ हा एक शब्द जोडायचा आणि एफ१० दाबायचं. हा शब्द कर्नलला सांगतो की ग्राफिक्स कार्डाच्या खास वाटेने जाऊ नकोस, जसं मिळेल तसं साधं चित्र दाखव. पडदा ठोकळेबाज दिसेल, रेझोल्यूशन कमी असेल, पण काम करता येईल. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरता असतो. काही जण तो कायमचा लिहून ठेवतात आणि मग ‘कार्ड घेतलं पण संगणक संथच’ म्हणून कुरकुरतात. तो शब्द असेपर्यंत खुला ड्रायव्हर कार्डाला हातच लावत नाही.

इथून पुढे घाई नडते. बहुतेक लोक या टप्प्यावर इंटरनेटवर सापडलेली पहिली आज्ञा चिकटवतात, मग दुसरी, मग एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरची ‘रन’ फाइल उतरवून तीही चालवतात. आता एकाच संगणकावर दोन वाटांनी आलेले दोन ड्रायव्हर होतात: एक वितरणाच्या पॅकेजमधून आलेला, ज्याची नोंद आहे, आणि एक थेट आलेला, ज्याची पॅकेज व्यवस्थेला खबरच नाही. पुढच्या अपडेटला पहिला बदलतो, दुसऱ्याच्या फायली तशाच राहतात. मग ‘ड्रायव्हर आणि लायब्ररी यांची आवृत्ती जुळत नाही’ ही तक्रार सुरू होते. उबंटू, मिंट, फेडोरा, डेबियन यांच्याकडे आपापलं पॅकेज असताना घरच्या संगणकावर ‘रन’ फाइल वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वापरलीच असेल, तर त्याच फाइलला ‘अनइन्स्टॉल’चा पर्याय देऊन आधी ती काढावी, मगच दुसरं काही. हीच तक्रार अगदी निरुपद्रवी कारणानेही येते. अपडेट झालं, पण संगणक अजून पुन्हा सुरू केलेला नाही, म्हणून मेमरीत जुना मॉड्यूल आणि डिस्कवर नवी लायब्ररी. त्यावर उपाय फक्त रीस्टार्ट.

घाई बाजूला ठेवली की प्रश्न क्रमाने विचारता येतात, आणि प्रत्येकाचं उत्तर संगणक स्वतः देतो. आधी विचारायचं, कार्ड कोणतं? ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘एनएनके’ या पर्यायासह दिली, की कार्डाच्या चिपचं नाव दिसतं आणि त्याखाली ‘वापरात असलेला ड्रायव्हर’ अशी ओळ येते. तिथे ‘एनव्हिडिया’ असेल तर बंद ड्रायव्हर बसला आहे आणि दोष पुढे कुठे तरी आहे. ‘नूव्हो’ हा खुला ड्रायव्हर असेल तर दुसराच कोणी जागेवर बसला आहे. ती ओळच नसेल, तर कार्ड कोणाच्याच ताब्यात नाही.

चिपचं नाव बघण्याचा आग्रह यासाठी की खोक्यावरचं नाव फसवतं. आपल्याकडच्या स्वस्त आणि जुन्या संगणकांत जीटी ७१० आणि जीटी ७३० ही कार्डं भरपूर सापडतात. जीटी ७३० या एकाच नावाखाली एनव्हिडियाने दोन पिढ्यांच्या चिपा विकल्या. आत ‘जीएफ१०८’ निघाली तर ती फर्मी पिढी, तिला ३९० मालिकेचा ड्रायव्हर लागतो. ‘जीके२०८’ निघाली तर केपलर, तिला ४७०. या दोन्ही मालिकांची देखभाल कंपनीने थांबवलेली आहे. नवा कर्नल आणि जुनी मालिका यांची बांधणी कधी तरी अडणारच, आणि ती दुरुस्त करायला कंपनी येणार नाही. हौशी लोक त्यासाठी ठिगळं तयार करून वाटतात, ते उपकारच म्हणायचे. पण ज्याला फक्त ब्राउझर, लिब्रेऑफिस आणि पिक्चर बघायचा आहे, त्याने या कार्डांवर बंद ड्रायव्हरच्या नादी लागूच नये. नूव्हो २०१० पासून कर्नलमध्येच आहे, तो त्याचं काम बिनबोभाट करतो.

नूव्होचं दुखणं नंतरच्या कार्डांवर सुरू होतं. त्याच्या लेखकांनी एनव्हिडियाची कागदपत्रं नसताना, चिपचं वागणं बघून बघून तो लिहिला. २०१४ मध्ये आलेल्या जीटीएक्स ९०० मालिकेपासून एनव्हिडियाने चिपमधलं फर्मवेअर स्वतःच्या सहीने बंद केलं. सही नसलेलं फर्मवेअर चिप घेत नाही, आणि त्याशिवाय घड्याळाचा वेग वाढवता येत नाही. त्यामुळे त्या काळातल्या कितीतरी ताकदवान कार्डांवर नूव्हो चालतो खरा, पण कार्ड कायम पहिल्या गिअरमध्ये. ब्लेंडरमध्ये ॲनिमेशन शिकणारा, दाविंची रिझॉल्व्हवर लग्नाचे व्हिडिओ कापणारा, किंवा कुडा ही एनव्हिडियाची गणनप्रणाली वापरून गणित करणारा, या तिघांना बंद ड्रायव्हरवाचून गत्यंतर नाही.

कार्ड आणि मालिका जुळली, तरी मॉड्यूल बांधला गेला का हे ‘डीकेएमएस स्टेटस’ने बघायचं. चालू कर्नलच्या आकड्यापुढे ‘इन्स्टॉल्ड’ नसेल, तर निम्म्याहून अधिक वेळा कारण एकच निघतं: त्या कर्नलचे हेडर संगणकावर नाहीत. हेडर म्हणजे कर्नलचं मापपत्रक, त्याशिवाय बांधणी सुरूच होत नाही. हेडर असूनही बांधणी मोडली असेल, तर डीकेएमएसने आपल्या फोल्डरमध्ये ‘मेक डॉट लॉग’ नावाची फाइल ठेवलेली असते. ती लांबलचक असते, पण वाचायची असते फक्त पहिली चूक. तिच्याखालच्या शंभर ओळी त्या एका चुकीचे पडसाद असतात. फेडोरावर वेगळीच गंमत होते. तिथे बांधणी पॅकेज बसल्यानंतर मागे शांतपणे चालते, तिला काही मिनिटं लागतात, आणि उतावीळ माणूस तेवढ्यात संगणक बंद-चालू करतो.

खानवेलसारख्या ठिकाणी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पावसाळ्यात अपडेट चालू असताना वीज गेली, तर पॅकेजं अर्धवट राहतात. डेबियन आणि उबंटूवर ‘डीपीकेजी’ला ‘कॉन्फिगर ऑल’ असं सांगितलं की राहिलेलं काम ती पुढे नेते. आणि पडदा काळा असताना वाय-फायशी झटापट करण्याऐवजी फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करावं. बहुतेक वितरणं ते काहीही न विचारता जोडून घेतात. ड्रायव्हरचं पॅकेज काहीशे एमबीचं असतं, एवढा डेटा उरलाय का तेवढं बघावं.

मॉड्यूल बांधला गेला, हेडर होते, चूक नाही, तरीही तो आत घेतला जात नाही, असंही होतं. ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असा निरोप दिसला, तर पहारेकऱ्याने दारातूनच परत पाठवलं आहे. या पहारेकऱ्याचं नाव सिक्युअर बूट. यूईएफआय असलेल्या संगणकावर हे चालू असेल, तर ओळखीची सही नसलेला मॉड्यूल कर्नल घेत नाही. तुमच्या संगणकावर आत्ता बांधलेल्या मॉड्यूलवर ओळखीची सही कुठून येणार? म्हणून वितरण एक किल्ली तयार करतं, तिने मॉड्यूलवर सही करतं, आणि ती किल्ली तुम्ही स्वतः संगणकाला ओळख करून द्यावी म्हणून तुम्हाला एक पासवर्ड ठरवायला सांगतं. लोक तो ठरवतात आणि विसरतात. संगणक पुन्हा सुरू होताना एक निळा पडदा येतो आणि ‘मोक’च्या, म्हणजे याच किल्लीच्या, व्यवस्थापनासाठी कोणतीही कळ दाबा म्हणतो. दहा सेकंदांत कळ दाबली नाही, तर तो निघून जातो. किल्ली नोंदलीच जात नाही, आणि हे घडलं असं पुढे कोणी सांगतही नाही. तो पडदा दिसल्यावर कळ दाबायची, ‘एनरोल मोक’ निवडायचं, पासवर्ड द्यायचा. पासवर्ड साधी इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांचाच ठेवावा, कारण त्या पडद्यावर तुमचा मराठी किंवा गुजराती कीबोर्ड नसतो. निळा पडदा हुकला असेल, तर ‘मोकयुटिल’ने किल्ली पुन्हा पुढे करता येते.

सिक्युअर बूट सरळ बंद करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. एकट्या लिनक्सच्या घरगुती संगणकावर त्याने फारसं बिघडत नाही. पण शेजारी विंडोज असेल आणि त्यावर डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर चालू असेल, तर पुढच्या वेळी विंडोज त्याची लांबलचक रिकव्हरी किल्ली मागू शकतं, आणि ती कुठे लिहून ठेवली हे कोणाला आठवत नाही.

राहिला नूव्हो. तो कर्नलमध्येच असल्याने संगणक सुरू होताना सगळ्यात आधी कार्डावर बसतो, आणि मग बंद ड्रायव्हरला जागा मिळत नाही. त्याला काळ्या यादीत टाकतात, पॅकेज हे आपोआप करतं. पण सुरुवातीच्या क्षणी वापरली जाणारी ‘इनिट-रॅमएफएस’ नावाची छोटी गाठोड्यासारखी फाइल जुनीच राहिली, तर तिच्यातला नूव्हो यादी न वाचताच जागेवर बसतो. यादी बदलल्यावर ती फाइल नव्याने बनवायची असते. हातानं काम करणारे हमखास हेच विसरतात.

दोन ग्राफिक्स चिपा असलेल्या लॅपटॉपबद्दल थोडक्यात सांगतो. आतला पडदा बहुधा इंटेल किंवा एएमडीच्या चिपला जोडलेला असतो, आणि पुष्कळ मॉडेलांत एचडीएमआयचं भोक थेट एनव्हिडियाला. म्हणून ‘लॅपटॉपवर दिसतं, प्रोजेक्टरवर दिसत नाही’ ही तक्रार प्रोजेक्टरची नसून ड्रायव्हरची असते. वेलँड या पडदा-व्यवस्थेवरचं लुकलुकणं हा आणखी एक जुना त्रास. २०२४ च्या ५५५ मालिकेत त्यावरचा मुख्य इलाज आला, त्यामुळे त्याआधीचे सल्ले आता न पाळलेलेच बरे.

हाच बंद ड्रायव्हर जिथे बंद पडून चालतच नाही, तिथे काय करतात? नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेने तिचं अद्ययावतीकरण केलं, तेव्हा एका वेळी टिपता येणारा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेला. तीस तबकड्यांचे संकेत एकमेकांशी जुळवण्याचं अवाढव्य काम आता एनव्हिडियाच्या जीपीयूंवर होतं, लिनक्सच्या यंत्रांत. पुण्यातच सी-डॅककडे परम सिद्धी-एआय हा महासंगणक आहे. नोव्हेंबर २०२० च्या जागतिक पाचशेच्या यादीत तो ६३ वा होता, आणि तोही एनव्हिडियाच्या ए१०० जीपीयूंवर उभा आहे. अशा यंत्रांची शिस्त ठरलेली असते. कर्नल, ड्रायव्हर आणि कुडा यांची एकत्र चाललेली तिघांची जोडणी गोठवून ठेवायची, त्यातलं एकच वेगळं पुढे जाऊ द्यायचं नाही, आणि बदल आधी बाजूच्या यंत्रावर करून बघायचा. घरी हेच ‘एपीटी-मार्क होल्ड’ या आज्ञेने करता येतं. महत्त्वाचं काम अंगावर असेल त्या महिन्यात कर्नल आणि ड्रायव्हर दोघांनाही जागेवर थांबवायचं. मात्र सुरक्षेच्या दुरुस्त्याही तेवढ्या काळ थांबतात, म्हणून काम झालं की ते उठवायला विसरू नये.

११ मे २०२२ ला एनव्हिडियाने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमध्ये चालणारा भाग खुला केला. ट्युरिंग पिढीच्या आणि त्यानंतरच्या चिपांमध्ये जीएसपी नावाचा एक वेगळा छोटा प्रोसेसर असतो. पूर्वी ड्रायव्हरमध्ये दडलेलं बरंचसं काम आता त्याच्या बंद फर्मवेअरमध्ये गेलं, आणि कर्नलमध्ये जे उरलं ते दाखवायला कंपनीची हरकत राहिली नाही. ओपनजीएल, व्हल्कन, कुडा यांच्या लायब्ऱ्या अजून बंदच आहेत. तरी फरक मोठा आहे. खुला मॉड्यूल परवाना सांगताना ‘एमआयटी किंवा जीपीएल’ असा सांगतो, म्हणून राखीव फंक्शनांची वाट त्याला मोकळी झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये डेबियनवर जे घडलं, ते याच्या बाबतीत तसं घडत नाही. २०२४ च्या ५६० मालिकेपासून चालतील त्या कार्डांवर कंपनी स्वतःच खुला मॉड्यूल पुढे करते.

यातून एक नवाच घोटाळा तयार झाला. पॅकेजांच्या यादीत आता एकाच आकड्याची दोन नावं दिसतात, एक साधं आणि एक ‘ओपन’ शेपटीचं. ब्लॅकवेल, म्हणजे आरटीएक्स ५० मालिकेच्या कार्डाला ‘ओपन’च लागतं, साधं टाकलं तर ‘कार्ड सापडलं नाही’ असं उत्तर येतं. जीटीएक्स १०५० किंवा १०६० वर नेमकं उलट, तिथे ‘ओपन’ टाकलं की तेच उत्तर. ट्युरिंग ते एडा या मधल्या पिढ्यांवर दोन्ही चालू शकतात, तिथे ‘ओपन’ घ्यावं.

मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या पिढ्यांसाठी ५८० ही शेवटची मालिका, असं एनव्हिडियाने जाहीर केलेलं आहे. म्हणजे जीटीएक्स ७५० टीआयपासून १०८० टीआयपर्यंतची या पिढ्यांची सगळी कार्डं आता त्याच रांगेत उभी आहेत जिथे जीटी ७१० आधीपासून आहे. ही कार्डं अजून दणकट आहेत आणि पुढची काही वर्षं सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळत राहतील. लिनक्ससाठी घेणाऱ्याने तीन-चार वर्षं त्याच वितरणाच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर राहण्याची तयारी ठेवावी. नसेल, तर त्याच पैशांत एएमडीचं आरएक्स ५७० किंवा ५८० शोधावं. घेण्याआधी विक्रेत्याकडे लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून ‘एलएसपीसीआय’ची ती ओळ तिथल्या तिथे वाचून घ्यावी.